मधली फीत

१

काचेची पेटी जागच्या जागी होती, तिचं कुलूप शाबूत होतं, आत कोट होता, कोटावरचं चांदीचं पदकही होतं. नव्हती ती फक्त डाव्या बाहीवरची मधली फीत.

जुना बंबखाना त्या दिवशी बंद व्हायचा होता. शिड्या, पाइप, पितळी घंटा, सगळं सामान नव्या इमारतीत गेलं होतं. हा एक कोट तेवढा राहिला होता, आणि दुपारी चार वाजता खात्याच्या संग्रहालयाची गाडी त्याला न्यायला येणार होती. सकाळी साडेनऊला साहेब यादी घेऊन पेटीसमोर उभे राहिले. यादीत लिहिलं होतं, ‘कोट एक, गडद निळा, डाव्या बाहीवर शेवरॉन तीन.’ साहेबांनी मोजले, चष्मा पुसून पुन्हा मोजले. दोन्ही वेळा दोनच भरले. काल दुपारी त्यांनीच पाहिले तेव्हा तीन होते.

शेवरॉन हा शब्द बंबखान्यात कागदावरच राहायचा. तोंडी सगळे फीत म्हणायचे. हाताचे दोन पंजे बोटांच्या टोकांनी जुळवून उलटे धरले की होतो तसा तो आकार, लाल कापडाचा, टोक खाली. एक फीत मिळाली की माणूस जरा ताठ चालायचा, दोन मिळाल्या की दुसऱ्यांना ताठ चालायला लावायचा, आणि तीन मिळाल्या की आगीत सगळ्यांच्या पुढे तो असायचा.

हा कोट शिडीवाल्याचा. सव्वीस वर्षांपूर्वी कापडाच्या गोदामाला आग लागली, तेव्हा त्याने वरच्या मजल्यावरून चार माणसं खाली आणली. चौथ्याच्या अंगावर स्वतःचा कोट टाकला आणि पाचव्यासाठी वर गेला, तो आलाच नाही. कोट मात्र राहिला. आज त्याला निरोप द्यायला शिडीवाल्याच्या लेकीलाही बोलावलं होतं, पण ती रस्त्यांच्या खात्यात इंजिनिअर, आणि डोंगरातल्या कामावरून सुटका नाही असा तिचा निरोप आला होता.

पेटीची किल्ली एकच, ती भांडारपालाच्या कमरेला. भांडारपालाला सगळे धाकटा म्हणत, कारण तो शिवणखान्यातल्या मास्तरीणबाईंचा धाकटा भाऊ. आता हा धाकटा साठीला टेकला होता, शनिवारी निवृत्त होणार होता, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

“कुलूप तुटलेलं नाही आणि किल्ली तुमच्याकडे,” साहेब म्हणाले. “चार वाजेपर्यंत फीत मिळाली नाही, तर मला तुमचं नाव लिहून वर पाठवावं लागेल. मग शनिवारचा निरोपसमारंभ वगैरे विसरा.”

“पाठवा,” धाकटा म्हणाला.

ड्रायव्हरला हे ऐकवेना. त्याने स्कूटरला किक मारली आणि दहा मिनिटांत मास्तरीणबाईंच्या दारात उभा राहिला. बाई भाजी निवडत बसल्या होत्या.

“चला,” ड्रायव्हर म्हणाला. “तुमच्या धाकट्याला चोर ठरवलाय.”

२

शिंप्याला मास्तर म्हणतात, म्हणून बंबखान्यात पस्तीस वर्षं कपडे शिवणाऱ्या बाई मास्तरीणबाई झाल्या. निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. फाटकातून आत शिरल्यावर त्या सवयीने डावीकडे वळल्या आणि शिवणखान्याच्या दारात क्षणभर थांबल्या. आत आता काही नव्हतं. मशीन होतं तिथे फरशीवर चार पायांचे चार डाग होते, आणि भिंतीवर त्यांनी खडूने लिहिलेली छातीची मापं अजून पुसट दिसत होती. ओल्या लोकरीचा आणि तापलेल्या इस्त्रीचा वास मात्र तसाच होता, की तो त्यांच्याच नाकात राहिला होता, कोण जाणे. त्यांना गलबलून आलं. पण रडत बसायला वेळ नव्हता, म्हणून त्या हॉलकडे गेल्या.

“कोट मला द्या,” त्या म्हणाल्या.

साहेब जरा घुटमळले. “बाई, ही संग्रहालयाची वस्तू आहे.”

“संग्रहालयाची चार वाजल्यानंतर. तोवर माझी आहे, मी शिवलीय.”

आता त्यांना दिसायचं कमी, पण बोटं शाबूत होती. त्यांनी बाही मांडीवर घेतली आणि आंधळा माणूस चेहरा चाचपतो तशी चाचपली. मनगटाशी अस्तर चार बोटं उसवलं होतं. तिथून हात आत घालून, मागच्या बाजूने दर तिसरा टाका कापला होता आणि मग फीत वरून अलगद उचलली होती. कापडाला ओरखडासुद्धा नव्हता.

“अडाण्याने फीत वरून उपटली असती,” त्या म्हणाल्या. “ही माझी पद्धत आहे.”

“म्हणजे तुम्ही...” साहेबांच्या भुवया वर गेल्या.

“मी इथे काल कशाला येऊ? माझी पद्धत म्हणजे मी शिकवलेली.”

पेटीच्या तळाशी त्यांच्या बोटांना आणखी एक गोष्ट लागली. नखाएवढा चिकट कागदाचा तुकडा, पिवळा, एका कडेला काळी रेघ. उजेडात धरला की चमकत होता. त्यांनी तो रुमालात गुंडाळला.

खरा प्रश्न त्यांना आता छळायला लागला होता. मधलीच फीत का? वरची किंवा खालची काढणं सोपं. मधली काढायला दोन्हींच्या मधे बोटं घालावी लागतात.

याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं, आणि तेच त्यांना नको होतं. या बंबखान्याची एक रीत होती. पहिली फीत मिळाली की माणसाने कोट घरी न्यायचा आणि ती फीत घरच्या बाईमाणसाने शिवायची, आईने नाहीतर बायकोने, जशी येईल तशी. ती बाहीच्या बरोबर मध्यावर. दुसरी फीत शिवणखान्यात तिच्या वर लागायची, तिसरी खाली, म्हणजे बढती कितीही मिळाली तरी घरच्या टाक्यांना कुणी हात लावायचा नाही. नवी पोरं तयार कपडे घालू लागली तशी ही रीत गेली. शिडीवाल्याच्या कोटावरची मधली फीत म्हणजे त्याच्या बायकोने शिवलेली.

ही गोष्ट ठाऊक असलेली माणसं बंबखान्यात उरली होती तीन. एक त्या स्वतः. दुसरा ड्रायव्हर. तिसरा धाकटा.

३

“मला काय करायचीय फीत?” ड्रायव्हर म्हणाला. “माझ्या शर्टाची बटणं टिकत नाहीत, मी फिती कुठे सांभाळू?”

ते दोघं मागच्या अंगणात उभे होते. शेवटचा बंब तिथे धुऊन ठेवला होता. त्याच्या पाठीवर लाल-पिवळे तिरके पट्टे होते, मध्यावर एकमेकांना भिडणारे, एकावर एक रचलेल्या फितींसारखेच. मागून येणाऱ्या गाडीला लांबून दिसावेत म्हणून. पूर्वी ते पट्टे ड्रायव्हर स्वतः ब्रशने रंगवायचा आणि दर वर्षी एक तरी पट्टा वाकडा यायचा. आता चमकणारे स्टिकर आले होते.

“हे कुणी चिकटवले?”

“मीच. परवा एक कोपरा निघाला होता, तो बदलला. का?”

मास्तरीणबाईंनी रुमाल उघडला. ड्रायव्हरचा चेहरा उतरला.

“बाई, देवाशपथ सांगतो. शिडीवाला माझा दोस्त होता. त्या दिवशी बंब मी चालवत होतो. तो उतरताना म्हणाला, चहा सांगून ठेव, आलोच. सव्वीस वर्षं झाली, मी अजून दोन चहा सांगतो आणि एक परत करतो. मी त्याच्या कोटाला कात्री लावीन?”

ड्रायव्हर थट्टेखोर माणूस, पण या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मास्तरीणबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही, तुकडा बंबाच्या पाठीला लावून पाहिला. बंबाचा पिवळा हिरवट होता, तुकड्याचा हळदीसारखा. आणि बंबावर काळा रंग नावालाही नव्हता.

“पिवळं आणि काळं कुठे असतं रे?”

“काय?”

“असं चमकणारं, पिवळ्यावर काळं.”

ड्रायव्हरने डोकं खाजवलं. चाळीस वर्षं गाडी हाकलेल्या माणसाला एवढं सांगायला वेळ लागायला नको होता. “वळणावर असतं की. रस्ता वळला की कडेला पाट्या असतात बघा. पिवळ्या पाटीवर काळा बाण, असाच फितीच्या आकाराचा, आडवा केलेला.”

मास्तरीणबाई एकदम पायरीवर बसल्या. एक कोडं सुटत होतं, पण त्यामुळे धाकटा सुटत नव्हता. पेटी किल्लीनेच उघडली होती.

४

धाकटा रिकाम्या भांडारात एका खोक्यावर बसला होता.

“जेवलास?” त्यांनी विचारलं.

“भूक नाही.”

“परवा आमटीत मीठ कमी होतं म्हणून तू दिवसभर धुमसत होतास. आज तुला लोक चोर म्हणताहेत आणि तू नुसता बसलायस. रागावला का नाहीस?”

“रागावून काय होणार, ताई?”

“ज्याच्यावर खोटा आळ येतो तो भांडतो. जो खरा चोर असतो तोही भांडतो, जरा जास्तच. गप्प कोण बसतो ठाऊक आहे? ज्याला दुसऱ्या कुणालातरी वाचवायचं असतं तो.”

धाकट्याने किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “ताई, तू विचारू नकोस.”

“मी विचारत नाही, सांगते. काल संध्याकाळी कुणीतरी आलं. तू पेटी उघडून दिलीस आणि चहा ठेवायला गेलास. कोटाला फक्त हात लावायचाय असं तुला वाटलं. आज सकाळी तुला फीत दिसली नाही तेव्हा तुला सगळं कळलं, पण नाव घ्यायचं नाही असं तू ठरवलंस.”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी पाटी फोडल्यावर व्हायच्या तशाच. इतक्या वर्षांत तेवढं बदललं नव्हतं, आणि मास्तरीणबाईंना त्या क्षणी तो इतका लहान वाटला की त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासा वाटला.

“मधल्या फितीचं आम्हा तिघांनाच ठाऊक, असं मी सकाळपासून धरून चालले होते,” त्या म्हणाल्या. “किती मूर्ख मी. ज्या घरात ती फीत शिवली गेली, त्या घराला ठाऊक नसेल? आणि शिडीवाला गेल्यावर त्याच्या बायकोला मी शिवणखान्यात घेतली. अकरा वर्षं, ती वारली तोवर, माझ्या शेजारी बसली. आतून तिसरा टाका कापायला मी तिला शिकवलं. तिने ते पुढे कुणाला शिकवलं असेल?”

“ताई, तिची नोकरी सरकारी आहे,” धाकटा पटकन बोलून गेला. मग त्याने जीभ चावली.

५

डोंगरातल्या रस्त्याचं सातवं वळण फार अवघड होतं. तिथे शिडीवाल्याची लेक डोक्यावर हेल्मेट घालून खांब सरळ आहे का ते बघत होती. कडेला पाच पाट्या रचून ठेवल्या होत्या, पिवळ्यावर काळे बाण. हातमोज्याला चिकटलेले पिवळे-काळे कपटे ती मधूनमधून झटकत होती.

“मावशी! तुम्ही इथे?” ती धावत आली. मग तिने स्कूटरवरच्या ड्रायव्हरकाकांना पाहिलं, मावशींच्या हातातला रुमाल पाहिला, आणि तिचं हसू मावळलं.

“बस जरा,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

दोघी रस्त्याच्या कठड्यावर बसल्या. लेकीने हेल्मेट काढून मांडीवर घेतलं.

“लहानपणी मला वाटायचं, बाबांच्याच फिती रस्त्यावर लावल्यात,” ती पाट्यांकडे बघत म्हणाली. “आई म्हणायची, हो, त्याच आहेत, सांभाळून जा म्हणून सांगतात. बहुतेक म्हणूनच मी या खात्यात आले.”

“फीत कुठे आहे?”

तिने खिशातून औषधाच्या गोळ्यांची छोटी डबी काढली. आत लाल कापडाची घडी होती आणि दोऱ्याचे बारीक बारीक तुकडे.

“मी तीनदा अर्ज केला, मावशी. मधली एक फीत द्या, तिच्या जागी दुसरी शिवून देते. तिन्ही वेळा उत्तर आलं, वस्तू अखंड राहणे आवश्यक आहे. कोट आज जाणार, मग काचेपलीकडून बघायचा. बाबांचं सगळं आहे हो. चौकाला नाव आहे, शाळेत फोटो आहे, दर वर्षी हार आहे. आईचं काय आहे? जन्मभर दुसऱ्यांचे कपडे शिवले. घरातलं होतं नव्हतं ते घर बदलताना मीच देऊन टाकलं, तेव्हा कुठे कळत होतं. ती पेटीपुढे उभी राहिली की कोटाकडे बोट दाखवायची आणि मला म्हणायची, मधली माझी. तिने स्वतःचं म्हणून दाखवलेलं तेवढं एकच.”

“मग आणलीस.”

“आणली. घरी जाऊन दिव्याखाली उलटी करून पाहिली. नुसती कापडाची पट्टी, बाजारात कुठेही मिळेल अशी.” तिने डबी मिटली. “टाके आईचे होते, मावशी. आणि टाके मीच कापले. जे घ्यायला गेले होते तेच कापत बसले होते, आणि वर स्वतःलाच शाबासकी देत होते, की आईने शिकवलं तसं किती सफाईने जमतंय.”

त्या अकरा वर्षं शेजारी बसलेल्या बाईची मान मास्तरीणबाईंना आठवली, मशीनवर झुकलेली, आणि जेवणाच्या सुट्टीत दोघींनी एका डब्यात खाल्लेलं आठवलं. त्यांनी लेकीला जवळ घेतलं आणि दोघीही भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकवाल्यांसमोर, पोटभर रडल्या. ड्रायव्हर उगाच स्कूटरचा आरसा पुसत राहिला.

“मामांनी काही विचारलंसुद्धा नाही,” लेक डोळे पुसत म्हणाली. “रागावलेत का ते?”

“तुझ्या मामाला चार वाजता चोर म्हणून लिहून पाठवणार आहेत. त्याने तुझं नाव घेतलं नाही.”

ती ताडकन उठली. पुढची पाटी उचलायला निघालेल्या माणसांना तिने हाक मारून सांगितलं की आज एवढंच, आणि हेल्मेट पुन्हा डोक्यावर घातलं.

६

सव्वातीनला साहेब धाकट्याचं नाव असलेल्या कागदावर सही करायला पेन शोधत होते. शिडीवाल्याच्या लेकीने डबी त्यांच्यासमोर ठेवली आणि जे झालं ते सगळं, एका दमात, उभ्यानेच सांगून टाकलं.

“किल्ली मी दिली,” मागून धाकटा म्हणाला. “अर्धा तास पाठ फिरवली. तेवढा दोष माझा, तो लिहा.”

साहेब लेकीकडे वळले. “अहो, मला एकदा सांगायचं तरी होतंत.”

“तीनदा सांगितलं, साहेब. लेखी.”

साहेबांनी टेबलावरची फाइल ओढली, चाळली, आणि आपल्याच तीन सह्या पाहिल्या. माणूस वाईट नव्हता, फक्त कागद वाचून त्यामागचा माणूस दिसायला त्याला वेळ लागायचा.

“यादीत शेवरॉन तीन लिहिलेत,” ते शेवटी म्हणाले. “चार वाजता मोजून तीन भरले, तर मला वर काही कळवायचं कारण नाही.” आणि धाकट्याचं नाव असलेला कागद त्यांनी उभा फाडला.

सगळे मास्तरीणबाईंकडे बघायला लागले. बाईंनी हात मागे घेतले.

“मी नाही. पहिली फीत घरची असते.”

लेक रिकाम्या शिवणखान्यात खिडकीखाली जमिनीवर बसली. सुईत दोरा तिनेच ओवला. तिला शिवायचा सराव नव्हता, उसवण्यात जी सफाई होती ती शिवण्यात नव्हती. एक टाका लांब, एक आखूड, टोकाशी तर फीत जराशी सुरकुतली. दोनदा बोटाला सुई टोचली. मास्तरीणबाई शेजारी बसून होत्या आणि पस्तीस वर्षांची सवय जिभेवर येत होती, की उसव आणि पुन्हा घाल. त्यांनी ती गिळली. चारला पाच मिनिटं कमी असताना बाही पुरी झाली. साहेबांनी मोजले, तीन भरले.

गाडी दाराशी लागली तेव्हा साहेब पेटीत ठेवायचं कार्ड घेऊन आले. छापील मजकूर तयारच होता. शिडीवाल्याचं नाव, हुद्दा, आगीची तारीख, आणि खाली एक ओळ, ‘फिती खात्याच्या शिवणखान्यात तयार झालेल्या.’

“हे खोटं आहे,” लेक म्हणाली.

“अहो, गाडी थांबलीय.”

“थांबू दे. ही ओळ खोडा आणि लिहा, मधली फीत त्यांच्या पत्नीने घरी शिवली होती. ती मुलीने उसवली, आणि मुलीनेच परत शिवली.”

“शिवली इथवर ठीक आहे,” साहेब चुळबुळले. “उसवली हे कशाला? संग्रहालयात असं कुणी लिहितं का?”

“आज दिवसभर इथे सगळ्यांनी मामांना चोर ठरवलं. ते नव्हते, हे कुठेतरी लिहिलेलं राहू दे.”

धाकट्याने मान फिरवली आणि रुमालात नाक शिंकरलं. ड्रायव्हरने त्याच्या पाठीवर इतक्या जोरात थाप मारली की किल्ल्या खळखळल्या.

साहेबांनी छापील ओळ खोडली आणि स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात, नवी लिहायला घेतली. ‘मधली फीत त्यांच्या पत्नी’ इथवर आले आणि थांबले.

“पत्नीचं नाव काय लिहू?”

शिडीवाल्याबद्दलच्या खात्याच्या सगळ्या कागदांवर ती ‘मयताची पत्नी’ एवढीच होती. लेक साहेबांच्या खांद्याशी वाकून उभी राहिली आणि काही चूक व्हायला नको म्हणून तिने आईचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं.